डोक्याले चुंबक लावून उदासी जाते का? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या खेपेला टपालात आन् व्हॉट्सअ‍ॅपवर बायपोलरचे, म्हणजे कधी तेजी तर कधी उदासी येते त्या आजाराचे, एवढे प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेकांना विचारायचंय ते चुंबकाच्या मशीनबद्दल, कोणी व्हिडिओ पाहिला, कोणाला नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं. नावं काढलीत, तालुका तेवढा ठेवलाय, आणि पत्रं ज्यानं जशी लिहिली तशीच छापलीत.

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. माह्या मोठ्या भावाले बायपोलर हाये, वय ३८. अगोदर डोकं तेज व्हायचं, रात्र रात्र झोपायचा नाई, एकदा तं बैलजोडी इकून जुनी जीप घेऊन आला. तेजी येऊन आता पाच वर्षं झाले पन उदासी काई जाऊन नाई रायली. दिवाळीपासून बाजेवरच हाये, पऱ्हाटी वेचाले बाया लागल्या तरी उठला नाई, आंघोळ कर म्हटलं तं करते नाई तं नाई. लिथियम झालं, क्वेटियापिन झालं, अजून दोन गोळ्या झाल्या. नागपूरच्या डॉक्टरनं चुंबकाच्या मशीनच्या ३० सिटिंग सांगितल्या. घरात कोनी म्हनते हा शॉकच हाये, कोनी म्हनते पैसे कमवाचे धंदे. माय म्हनते गाय इकू पन पोराले नीट करू. गाय इकावं का? – धाकटा भाऊ, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, गाय सध्या गोठ्यातच राहू द्या. पहिले मशीन काय आहे ते ऐका, मग मशीनच्या आधी करायची कामं सांगतो, ती झाल्याशिवाय ३० सिटिंगचे पैसे भरू नका.

शॉक नाही तो. शॉक म्हणजे ईसीटी, त्यात भूल देऊन मेंदूत मुद्दाम झटका आणतात. चुंबकाच्या मशीनला टीएमएस म्हणतात, कोणी आरटीएमएस पण म्हणतात, त्यात माणूस जागाच असतो, खुर्चीत बसलेला, भूल नाही न् काही नाही, आणि झटका येऊच नये याची उलट काळजी घेतात. डोक्याला लावून इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी एक कॉइल धरतात, आत तांब्याची तार गुंडाळलेली, त्या तारेतून क्षणभर जोरदार करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते कवटीतून आरपार जाते आणि खाली मेंदूच्या वरच्या थरात बारीकशी वीज उठवते. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व, फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं. म्हणजे डोक्यात बाहेरून वायर लावून वीज सोडत नाहीत, चुंबकामुळे ती आतल्या आत तयार होते. चुंबकाची ताकद एमआरआयच्या मशीनएवढी, पण फक्त त्या एका जागेपुरती आणि आत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच. माणसाच्या मेंदूवर हे पहिल्यांदा करून दाखवलं ते इंग्लंडात शेफिल्डला, अँथनी बार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी, १९८५ साली. तेव्हा उदासीचा काही विषयच नव्हता, मेंदूपासून हातापर्यंतच्या नसा तपासायचं ते साधन होतं.

पहिल्या दिवशी काय होते ते सांगतो म्हणजे भावाला सोबत नेताना त्याला समजावता येईल. डोक्यावर कापडी टोपी घालतात, तिच्यावर पेनानं खुणा करतात. मग डाव्या बाजूला कॉइल जराशी इकडं जराशी तिकडं सरकवत एक एक ठोका देतात आणि सगळे उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहत बसतात. एका जागी ठोका पडला की अंगठा आपोआप उडते, पेशंट म्हणते मी नाही हलवला, आणि खरंच त्यानं नाही हलवला. अंगठा हलायला कमीत कमी किती ताकद लागते ते काढतात आणि उपचाराचा डोस त्यावरून ठरवतात, बहुतेक वेळा त्याच्या १२० टक्के. प्रत्येकाचा आकडा वेगळा. मग कॉइल थोडी पुढं, कपाळाच्या डाव्या बाजूला वर सरकवतात, कारण उदासीत मेंदूचा तो भाग सुस्त पडलेला असते आणि खोलवरच्या भावनांच्या भागांशी त्याचं कनेक्शन असते. नेहमीच्या पद्धतीत ४ सेकंद टक टक टक ठोके, मग २६ सेकंद थांबा, पुन्हा ४ सेकंद, असे साधारण ३७ मिनिटांत ३००० ठोके. आवाज मोठा असते म्हणून कानात बोळे. डोक्याच्या कातडीला टोचल्यासारखं होते, भुवई फडफडते, पहिला आठवडा डोकं दुखू शकते, पॅरासिटामॉलनं भागते (लिथियमवाल्यानं दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नये, ते खाली येईलच). आता ३ मिनिटांची पण पद्धत आलीय, थीटा बर्स्ट नावाची, २०१८ मध्ये मोठ्या तपासणीत साध्या डिप्रेशनसाठी ती जुन्या लांब पद्धतीच्या बरोबरीची निघाली.

हे "साध्या डिप्रेशनसाठी" जे म्हटलं ना, सगळी मेख तिथंच आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-मशीन तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यानं, २००८ मध्ये टीएमएसला मान्यता दिली ती ज्याला कधीच तेजी येत नाही, फक्त उदासी येते अशा डिप्रेशनसाठी, गोळ्यांनी फरक न पडलेल्यांना. बायपोलरच्या उदासीसाठी तशी पूर्ण मान्यता तेव्हा नव्हती, २०२० मध्ये एका मशीनला फक्त आशादायक म्हणून लवकर तपासायचा दर्जा मिळाला. बायपोलरवरचे अभ्यास आहेत पण लहान लहान. ब्राझीलमध्ये ५० पेशंटवर जरा खोल जाणारी कॉइल वापरली, चार आठवड्यांनी खऱ्या मशीनवाल्यांना खोट्या मशीनवाल्यांपेक्षा (म्हणजे ज्यांना उपचाराचं नुसतं नाटक केलं त्यांच्यापेक्षा) चांगला फरक दिसला, पण आणखी चार आठवड्यांनी पाहिलं तर तो फरक टिकलेला नव्हता. कॅनडात ३७ पेशंटवर ती ३ मिनिटांची पद्धत करून पाहिली, तिथं खऱ्या आणि खोट्यात काही फरकच निघाला नाही म्हणून अभ्यास मधातच थांबवला. दुसरीकडे कुठं कुठं बरा फरक पडलेला दिसते. तर धंदा आहे म्हणणारे चूक आणि नीट होईलच म्हणणारे पण चूक. माझं मत विचाराल तर बायपोलरमध्ये मी मशीनला पहिल्या ओळीत बसवत नाही, गोळ्यांची ओळ नीट संपली असेल तर मग करून पाहायची गोष्ट, गोळ्या चालू ठेवून.

आणि तुमच्या पत्रात मला ती ओळ संपलेली दिसत नाही. "लिथियम झालं" म्हणजे काय झालं? किती दिवस, किती डोस, रक्तातली लेव्हल कधी काढली? ०.६ ते १.० च्या मधात लेव्हल नसेल तर लिथियम झालंच नाही, डबा रिकामा झाला फक्त. क्वेटियापिनचं तसंच, झोपेसाठी २५-५० ची गोळी देतात तिनं बायपोलरची उदासी जात नाही, तिला ३०० च्या घरात जावं लागते. लॅमोट्रिजिन नावाची बायपोलरची गोळी हळूहळू वाढवावी लागते नाही तर अंगावर पुरळ येऊन जीवावर बेतते, म्हणून ती पूर्ण डोसवर यायलाच दीड महिना जाते आणि आपले लोक तिसऱ्या आठवड्यात म्हणतात फरक नाही, डॉक्टर बदला. चांगल्या दोन औषधांना पूर्ण डोसवर सहा-आठ आठवडे देऊनही माणूस उठला नाही तरच "गोळ्यांना दाद देत नाही" म्हणायचं.

थायरॉईड तपासलं का? हे मी ठासून विचारतो कारण लिथियम वर्षानुवर्षं चाललं की काहींचं थायरॉईड मंद होते, आणि थायरॉईड मंद झालेला माणूस कसा दिसते तर बाजेवर पडलेला, सुस्त, थंडी वाजते, आंघोळीचा कंटाळा. हुबेहूब तुमचा भाऊ. थायरॉईडची टीएसएच नावाची रक्ततपासणी जिल्ह्याच्या दवाखान्यात होते. त्या "अजून दोन गोळ्यां"त नुसती डिप्रेशनची गोळी होती का, तेही चिठ्ठ्या काढून पाहा, बायपोलरमध्ये ती एकटीच दिली तर कधी तेजी उठवते, कधी उदासीचे फेरे वाढवते. आणि दारू. पत्रात लिहिली नाही म्हणून नसेल असं मी समजत नाही, राग मानू नका.

हे सगळं करून झालं आणि तरी भाऊ बाजेवर, तर मग मशीन. पण तेव्हाही हिशोब ३० सिटिंगचा करू नका, सहा आठवड्यांचा करा. सोमवार ते शुक्रवार रोज, दारव्ह्याहून लालपरीनं नागपूर रोज जाऊन येणं कोणाच्या बापाला जमत नाही, म्हणजे खोली घ्या नाही तर पाहुण्याकडे राहा, सोबत घरचं एक माणूस, त्याची मजुरी बुडाली, खानावळ वेगळी. सिटिंगच्या फीएवढा नाही तर तिच्यापेक्षा जास्त खर्च इथं होते. पेरणीच्या तोंडावर सुरू कराल तर तिसऱ्या आठवड्यात सोडून याल, मी असे अर्धे सोडलेले पाहतो, आणि अर्ध्यात सोडलं तर धड काय झालं ते कळत नाही. आधी सरकारी मेडिकल कॉलेज, एम्स, सेवाग्राम, सावंगी इथल्या मानसोपचार ओपीडीत विचारा मशीन आहे का आणि फी किती, मग खासगीचं पाहा. खासगीत पूर्ण कोर्सचे एकदम पैसे मागितले तर आठवड्याचे देतो म्हणा. आणि सुरू करायच्या दिवशी उदासीचा स्कोअर कागदावर काढायला लावा, दर दोन आठवड्यांनी पुन्हा, म्हणजे "बरं वाटते का हो" "हो वाटते जरासं" यावर गाडी चालत नाही.

प्रश्न : सर, आमच्या ह्यांना मशीनचे १२ सिटिंग झाले. आता चार दिवसांपासून पहाटे तीनला उठतात, अंगण झाडतात, फोन करून पाहुण्यांना उठवतात. दोन वर्षांनी हसताना दिसले म्हणून घरचे खुश आहेत, सासूबाईंनी तर पेढे वाटले. मला भीती वाटते. मी बोलले तर म्हणतात तुला बघवत नाही. – ता. आर्वी

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नका म्हणून तुम्हाला फोनवर आधीच कळवलंय. मशीननं तेजी येणं फार वेळा होत नाही, पण होते, बायपोलरच्या माणसाला डिप्रेशनचा कोणताही उपचार दिला की ती शक्यता धरूनच चालायचं. उदासी गेली आणि तेजी आली यातला फरक घरच्यांना झोपेवरून कळते. बरा झालेला माणूस सात तास झोपून उठते. तेजीतला तीन तास झोपते आणि थकत नाही. त्यात फोन, खर्च, चिडचिड, मोठमोठे बेत हे जोडीला आलं की समजून घ्या. सिटिंग थांबवायचे की नाही ते त्यांचे डॉक्टर ठरवतील पण त्यांना आज सांगा, पुढच्या तारखेला नाही. मूड स्टॅबिलायझरची, म्हणजे लिथियमसारखी मूड सांभाळणारी गोळी बंद केलीय का तेही पाहा, "मशीन लावली आता गोळी कायले" असं पुष्कळ लोक करतात. झोपेची वही ठेवा, रात्री किती वाजता झोपले सकाळी किती वाजता उठले, बस, दोन आकडे. सासूबाईंशी भांडण करण्यापेक्षा ती वही डॉक्टरपुढं ठेवा.

प्रश्न : आईचे वय ६२, दोन्ही गुडघे बदललेले, दातात चांदी भरलेली, डोळ्यात मोतीबिंदूची लेन्स. लहानपणी तापात आकडी आली होती असे मामा सांगतात. चुंबक चालेल का? – एक शिक्षक, ता. ब्रह्मपुरी

उत्तर : गुरुजी, गुडघ्यातलं लोखंड कॉइलपासून लांब आहे, अडचण नाही. दातातली चांदी, डोळ्यातली प्लास्टिकची लेन्स यांचीही नाही. नाही चालत ते डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू असेल तर, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, जुना छर्रा वगैरे. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. आकडीचं मात्र मामांना नीट विचारा, लहानपणी तापात एकदा आलेली वेगळी आणि मोठेपणी बिनतापाची वेगळी. मशीननं आकडी यायची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी, पण मिरगी असलेल्याला, रात्रभर जागलेल्याला, रोज पिऊन अचानक दारू सोडलेल्याला ती वाढते. झोपेच्या गोळ्या रोज घेत असतील तर त्याही सांगा. त्यांनी मशीनचा गुण कमी येऊ शकते, पण म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नका, त्यानंही आकडी येते.

प्रश्न : आमच्या गावात समाजमंदिरात चुंबकाची गादी आणि पट्टा विकाले आले होते. डिप्रेशन, शुगर, कंबर सगळं जाते म्हने. हे तेच टीएमएस हाये का? – ता. मेहकर

उत्तर : नाही. गादीतला चुंबक हलत नाही, बदलत नाही, म्हणून मेंदूत वीजबीज काही उठत नाही. पैसे वाचवा.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची, बायपोलर. दहा दिवसांपासून जेवत नाही, पाणी पाजावं लागते, बोलत नाही, परवा आईला म्हणाली मला जगायचं नाही. डॉक्टर शॉक द्यावे म्हणतात. शॉकचं नाव ऐकून आमचे हातपाय गळाले. त्यापेक्षा चुंबकाची मशीन लावावी का, तिला पुढं लग्न करायचं आहे. – वडील, ता. वरोरा

उत्तर : दादा, शॉकच द्या. या अवस्थेत मशीनसाठी थांबायचं नाही, मशीनचा गुण यायला आठवडे लागतात आणि तुमच्या पोरीजवळ आठवडे नाहीत. न जेवणारी, न बोलणारी, मरणाचं बोलणारी उदासी असेल तर ईसीटी हा आजही सगळ्यात लवकर आणि सगळ्यात जास्त लागू पडणारा उपचार आहे, बायपोलरमध्ये सुद्धा. सिनेमात हातपाय बांधून देतात तसला प्रकार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे. भूलतज्ज्ञ असते, झटका मिनिटभराचा, बाहेरून पाहणाऱ्याला पायाचं बोट हललेलं दिसते. त्या काळातल्या गोष्टी विसरतात, काही आठवणी परत येतात, काही येत नाहीत, हे खरं आहे आणि ते आधी सांगून ठेवलं पाहिजे.

लग्नाचं पुढं पाहू. आज घरी गेल्यावर पहिलं काम, फवारणीचं औषध घरातून, गोठ्यातून, माळ्यावरून सगळं काढा. कुलूप नको, पोरांना किल्ली कुठं असते ते माहीत असते, घराबाहेरच काढा, शेजाऱ्याकडे किंवा भावाकडे दुसऱ्या गावी. उंदराचं औषध, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पण. आपल्या भागात माणूस जाते तो बहुतेक त्या घटकेला हाताशी जे सापडते त्यानं जाते. रात्री तिला एकटीला झोपू देऊ नका. रात्री-बेरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. पण नंबर लावून बसू नका, तिला दवाखान्यात भरती करा.

प्रश्न : मी आशा वर्कर आहे. माझ्याकडे लिथियमवाले तीन पेशंट आहेत, त्यातल्या एकाला मशीनसाठी नागपूरला नेणार आहेत मे महिन्यात. मागच्या उन्हाळ्यात त्याच पेशंटला हगवण, हात थरथर, दारू प्यायल्यासारखी चाल, सगळ्यांना वाटलं लू लागली. सरांनी नंतर सांगितलं गोळीचं विष झालं होतं. असं काहून होते? – ता. सिंदेवाही

उत्तर : ताई, हा प्रश्न मशीनपेक्षा मोठा आहे. लिथियम हे एक प्रकारचं मिठच. घामातून पाणी आणि मीठ गेलं की किडनी मीठ धरून ठेवते, आणि मिठासोबत लिथियमही धरून ठेवते. गोळी तेवढीच, पण रक्तात लेव्हल चढत जाते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५-४६ वर जाते तेव्हा दुपारी तेंदूपत्त्याला गेलेल्या किंवा एसटीत चार तास उकडलेल्या माणसाची लेव्हल वाढायला जास्त वेळ लागत नाही. त्यात हगवण-उलटी लागली तर आणखी वाढते. त्यात कोणी अंग दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनची गोळी आणून दिली तर आणखीच, त्या गोळ्या लिथियम बाहेर पडू देत नाहीत. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून बीपीची नवी गोळी सुरू करताना लिथियम चालू आहे हे सांगायचं.

लू आणि लिथियमचं विष यात गफलत होते. लूमध्ये अंग भट्टीसारखं तापते. लिथियममध्ये ताप असेलच असं नाही, हात जाड जाड थरथरतात, चालताना झोक जाते, जीभ अडखळते, उलटी-हगवण असते, सुस्ती येते. असं दिसलं की पुढची गोळी द्यायची नाही आणि पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नाही तर ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, लिथियम चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं, चिठ्ठी सोबत. पीएचसीत लेव्हल होत नाही, पण सलाईन लावून पुढं पाठवता येते.

मे महिन्यात मशीनला नेणार असतील तर निघायच्या आधी लिथियमची लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि टीएसएच काढून घ्या. रक्त द्यायची वेळ रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी, नाही तर आकडा फुगलेला येते आणि डॉक्टर उगाच डोस कमी करतात. वाटेत पाणी, मिठाचं ताक, ओआरएस. मीठ एकदम बंद करायचं नाही आणि एकदम वाढवायचंही नाही, रोजचं जेवढं तेवढंच. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि शक्य असेल तर त्यांना म्हणा नोव्हेंबरात न्या, सहा आठवडे नागपूरच्या उन्हात कूलर नसलेल्या खोलीत राहण्यापेक्षा बरं. उदासी तोवर थांबण्यासारखी आहे की नाही ते त्यांच्या डॉक्टरला विचारूनच.